मनःस्वास्थ्याचं ॲप: सात महिने वापरून, पगारपत्रकाशी ताडून

आमच्या कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांना मनःस्वास्थ्याचं एक ॲप फुकट दिलं. फुकट म्हणजे आम्हाला फुकट. कंपनी त्याचे माणशी दरमहा पैसे मोजते, हे मला ठाऊक आहे, कारण ते बिल माझ्याच टेबलावरून पुढे जातं. मी पगारपत्रकाचं काम करते, बावीस वर्षं. ॲपचं नाव लिहीत नाही. ही ॲपं इतकी एकाच साच्यातली असतात की नाव बदललं तरी खालची बरीचशी वाक्यं तशीच ठेवता येतील.

आधी जमेची बाजू. ॲप हलकं आहे, जुन्या फोनवरही अडत नाही. मराठीत आहे आणि मराठीही बऱ्यापैकी वाचण्याजोगी. क्वचित घसरते. ‘तुमच्या भावनांसोबत बसा’ असं एक बटण आहे. मी पहिल्या दिवशी खरोखर बसले आणि पुढे काय करायचं ते कळेना.

रोज सकाळी सातला फोन वाजतो: ‘आज कसं वाटतंय?’ पाच चेहरे येतात, रडव्यापासून हसऱ्यापर्यंत. एकावर बोट टेकवायचं. मग खाली कारणांच्या गोल चकत्या येतात, त्यातली एक निवडायची. झोप, व्यायाम, नातेसंबंध, तब्येत, हवामान, काम, इतर. हवामान आहे. पैसे नाहीत. मला वाटलं यादी खाली आणखी सरकत असेल, म्हणून तीनदा सरकवून पाहिली.

दर पंधरा दिवसांनी नऊ प्रश्नांची चाचणी येते. ही त्यांनी घरी बनवलेली नाही. पीएचक्यू-९ नावाची ही प्रश्नावली २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या दवाखान्यांत वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, कशातच रस न वाटणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं असं किती दिवस झालं ते सांगायचं. प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७. पाच, दहा, पंधरा, वीस अशा पायऱ्या, आणि दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासून घ्यावं असा संकेत. हिशेबाच्या माणसाला असं कोष्टक आवडतं. मूळ प्रश्नावलीच्या शेवटी आणखी एक प्रश्न असतो, त्याला गुण नसतात: या त्रासामुळे काम करणं, घर सांभाळणं, लोकांशी जमवून घेणं किती अवघड झालंय? ॲपने तो गाळलाय. तेरजेत धरता येत नाही म्हणून गाळला असणार. मला विचाराल तर अख्ख्या कागदावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न तोच.

नववा प्रश्न जगणं नकोसं वाटतं का, याबद्दलचा. तिथे शून्य सोडून दुसरं काही निवडलं तर काय होतं, ते मी मुद्दाम तपासलं. चार मिनिटांत फोन आला. मी ओशाळून सांगितलं की फक्त बघत होते. पलीकडच्या बाईंनी चिडचिड केली नाही. तरीही पाचेक मिनिटं बोलून माझी खात्री करून घेतली, मगच ठेवला. याला पूर्ण गुण. बाकी सगळं टाकाऊ असतं तरी एवढ्यासाठी मी ॲप फोनमध्ये राहू दिलं असतं.

पण नऊ प्रश्न म्हणजे थर्मामीटर. ताप किती ते कळतं, पाणी कुठे तुंबलंय ते नाही. यात थर्मामीटरचा दोष नाही, तो त्यासाठी बनवलेलाच नाही. दोष आकडा बघून परस्पर औषध देणाऱ्याचा. माझे गुण पहिल्या महिन्यात सहा होते, चौथ्या महिन्यात तेरा झाले. ॲपने लगेच ‘तुमची योजना’ हातात ठेवली. दिवसातून दोनदा श्वसन, रात्री कृतज्ञतेच्या तीन ओळी, दहाला अंथरुणात.

त्या काळात नेमकं काय चाललं होतं, ते सांगते. तिसऱ्या महिन्यात पगार नऊ दिवस उशिरा झाले. चौथ्यात तेरा दिवस, पाचव्यात अकरा. माझाही पगार त्यातच. घराचा हप्ता पाच तारखेला कापला जातो, तो दोनदा परत गेला आणि दोन्ही वेळा दंड बसला. पण ते माझ्या घरापुरतं. ऑफिसात माझं टेबल जिन्याच्या तोंडाशी आहे, येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथे थांबतो. “मॅडम, आज होईल का?” एवढंच विचारतात. कुणी भांडत नाही. भांडले असते तर सोपं गेलं असतं. साहेबांची ताकीद होती की तारीख कुणाला सांगायची नाही. मला तारीख माहीत असायची. समोरचा मुलाच्या फीसाठी शब्द देऊन आलेला आहे, हेही माहीत असायचं, कारण उचलीचा अर्ज माझ्याच फाइलला लावलेला. आणि मी म्हणायची, “बघू, कळवते.” दिवसातून पंचवीस-तीस वेळा.

अशा दिवशी सकाळी सातला ॲप विचारतं, कसं वाटतंय. मी रडव्या चेहऱ्याच्या वरच्याला बोट लावायची. कारण? ‘काम’. मग ॲप सांगायचं, ‘कामाच्या ताणात दर तासाला दोन मिनिटं डोळे मिटा.’ डोळे मिटले की जिन्यावरची पावलं जास्तच ऐकू यायची.

पाचव्या महिन्यात मी जे केलं, ते कुठल्याही हिशेबनिसाने केलं असतं. ॲपमधून सगळ्या नोंदी फाइलमध्ये उतरवून घेतल्या, शेजारी पगाराच्या तारखांचा रकाना घातला आणि ताळा करून पाहिला. पाच चेहऱ्यांना एक ते पाच गुण. पगार वेळेवर असतानाच्या दिवसांची सरासरी ३.६. वाट पाहण्याचे दिवस तोवर ३३ झाले होते, त्यांची १.९. यात नवल नाही, हे तर न मोजताही कळतं. नवल पुढे आहे. त्या ३३ मधले पाच दिवस मी वरच्या मजल्यावर ऑडिटवाल्यांसोबत बसले होते. पगार तेव्हाही झालेला नव्हता, हप्ता तेव्हाही डोक्यावर होता, ऑडिटचं काम उलट जास्त होतं. त्या पाच दिवसांचे गुण: ४, ३, ४, ४, ३. उरलेल्या २८ दिवसांची सरासरी १.६.

मी ते आकडे दोनदा तपासले. म्हणजे मला पोखरत होता तो नुसता पैसा नव्हता. ते टेबल होतं.

नंतर वाचताना कळलं की ही काही माझी एकटीची तऱ्हा नाही. रॉबर्ट कारासेक नावाच्या संशोधकाने १९७९ मध्येच मांडलं होतं की माणसाला झिजवतं ते नुसतं जास्त काम नाही. मागणी भरपूर आणि हातात अधिकार काही नाही, ही जोडी झिजवते. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या १०,३०८ नोकरदारांचा १९८५ पासून जो प्रदीर्घ अभ्यास झाला, त्यातही हाच धागा सापडतो. कामावर स्वतःचा ताबा कमी असणाऱ्यांची तब्येत जास्त बिघडलेली, शरीराचीही आणि मनाचीही. हे सगळे कायमच्या नोकरीतले लोक होते, उपाशी कुणी नव्हतं. तरी पायरीगणिक फरक होता.

ॲपमध्ये ‘वाचा’ म्हणून एक विभाग आहे. चौसष्ट लेख, मी मोजले. पैशाविषयी एक, त्याचं सार ‘अनावश्यक खर्च टाळा’. चौसष्टांत एक पान मारिएन्थालला द्यायला काय हरकत होती? व्हिएन्नाजवळचं हे छोटं गाव एका कापडगिरणीवर जगत होतं. मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि तिचे सहकारी १९३१-३२ मध्ये तिथे गेले. लोकांच्या हातात वेळच वेळ होता, पण वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं वाढली नाहीत, घटली. संशोधकांनी घड्याळ लावून लोकांची चालही मोजली. पुरुष रेंगाळत चालत, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. बायकांना घरकाम होतंच, त्या झपझप जात. आणि त्यांनी घरांची वर्गवारी केली, अजून तग धरलेली घरं, मान टाकलेली, खचलेली, तेव्हा दिसलं की घरात माणशी येणारी रक्कम जसजशी कमी, तसतसं घर खालच्या वर्गात. म्हणजे नव्वदेक वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्यासारखे दोन रकाने शेजारी-शेजारी ठेवले होते. हे वाचून मला जेवढं बरं वाटलं, तेवढं चौसष्ट लेखांनी वाटलं नव्हतं.

आता ॲपमधल्या खऱ्या चांगल्या गोष्टीकडे येते. समुपदेशकाशी व्हिडिओवर सहा बैठका मिळतात. हे बटण मुख्य पानावर नाही. तीन पडदे आत, ‘आणखी’ खाली, कंपनीला मिळणाऱ्या सवलतींच्या शेजारी. का, ते मी तर्काने सांगू शकते: श्वसनाच्या चित्रफितीला दर वेळी नवा खर्च नसतो, माणसाला असतो.

पहिल्या बैठकीत मी माझी फाइल दाखवली. मला वाटलं हसतील. बाई माझ्याहून बऱ्याच लहान होत्या, पण त्यांनी शांतपणे दोन्ही रकाने वर-खाली पाहिले आणि विचारलं, “तुम्हाला तारीख माहीत असते?”

“असते.”

“आणि लोकांना?”

“सांगायची नाही असा आदेश आहे.”

“हा आदेश बदलावा असं तुम्ही कुणाला म्हणून बघितलंय का?”

नव्हतं बघितलं. बावीस वर्षांत सुचलंच नव्हतं. बाईंनी मला बोलता बोलता सगळ्या अडचणी कागदावर उतरवायला लावल्या. हप्ता, दंड, टेबल, साहेब, सासऱ्यांचं दुखणं, सगळं. मग म्हणाल्या, यातली एकच निवडा, जी तुमच्या हाताने थोडी तरी हलेल. पगार मी वेळेवर आणू शकत नव्हते. टेबल हलवायला जागा नव्हती. तारीख तेवढी हलण्यासारखी होती.

ही पद्धतही जुनी आणि पारखलेली आहे. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६ पासून दवाखान्यांच्या आवारात बाकडी टाकली आणि वस्तीतल्या आज्यांना शिकवून त्यांवर बसवलं. आजी आधी समोरच्याकडून सगळ्या अडचणी काढून घेते, मग एक निवडायला लावते, मग ती कशी सोडवायची ते दोघं मिळून ठरवतात. ५७३ रुग्णांवर याची रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि बाकड्यावर बसलेल्यांची लक्षणं स्पष्टपणे कमी झालेली दिसली. तिथे कुणी तुमच्या अडचणींना ‘इतर’ या चकतीत बसवत नाही.

साहेबांशी बोलायला मला नऊ दिवस लागले. मी म्हटलं, पगार उशिरा होणार असेल तर होऊ दे, फलकावर तारीख तरी लिहू का? ते म्हणाले, तारीख पाळता आली नाही तर? मी म्हटलं, तर खोडून दुसरी लिहीन, सही माझी. बराच वेळ कागद चाळत राहिले. मग म्हणाले, लिहा, पण पेन्सिलने. फलकावर पेन्सिलने कसं लिहिणार ते मी विचारलं नाही. खडूने लिहिलं.

सहाव्या महिन्यात पगार पुन्हा दहा दिवस उशिरा झाला. लोक फलकापाशी थांबायचे, वाचायचे, निघून जायचे. काही जण शिव्या देत निघून जायचे, पण जायचे. एकाने ती तारीख बघून घरमालकाला फोनवर तिथूनच सांगितलं, “अकराला देतो, नक्की.” आवाजात अजिजी नव्हती. त्या दहा दिवसांची माझी सरासरी ३.१. पगार तेवढाच, उशीर जवळपास तेवढाच.

आणि त्या महिनाअखेरीला ॲपने रंगीत कागदाचे तुकडे उडवत सांगितलं: ‘अभिनंदन! नियमित श्वसनाच्या सरावाने तुमची मनःस्थिती सुधारली आहे.’ मी एकोणीस दिवस श्वसनाचा सराव केलेला नव्हता. श्वास घेतला होता, तो आपला नेहमीचा.

ॲपवाले खोटं बोलतात असं माझं म्हणणं नाही. त्यांच्याकडे जो रकाना आहे, त्यातच ते उत्तर शोधतात. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ नोकरदारांची माहिती तपासली. नोकरीच्या ठिकाणी मिळणारी ॲपं, ध्यानाचे वर्ग, ताण सोसण्याचं प्रशिक्षण, असलं काही घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात त्यांना सांगण्यासारखा फरक दिसला नाही. अपवाद होता स्वयंसेवेच्या संधीचा. हा एका वेळचा फोटो आहे, आधी-नंतरची तुलना नव्हे, त्यामुळे कुणाला श्वसनाने बरं वाटतच नाही असा अर्थ मी काढणार नाही. माझ्या नणंदेला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र कामाची रचना आणि कामाच्या ठिकाणचे धोके सुधारण्यालाही जागा आहे. आमच्याकडे त्याची जागा मधल्या सुट्टीतल्या व्याख्यानाने घेतली. विषय: मनाची लवचिकता. ज्यांची मधली सुट्टी गेली, त्यांनी पुरेशी लवचिकता दाखवली.

उलट बाजूही नोंदवते, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. पैसे आले की मन आपोआप ताळ्यावर येतं असंही नाही. अमेरिकेत चेरोकी लोकांच्या भागात १९९० च्या दशकात जुगारघर सुरू झालं आणि नफ्याचा वाटा त्या जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. योगायोगाने संशोधक तिथल्या मुलांचा अभ्यास आधीपासूनच करत होते. दारिद्र्यातून बाहेर आलेल्या घरांतल्या मुलांची भांडखोरी, बेशिस्त, मारामारी कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकी खाली आली; आईवडिलांना त्यांच्याकडे लक्ष द्यायला सवड मिळाली हे त्याचं एक कारण. पण चिंता आणि उदासी यांच्यात तसा फरक पडला नाही. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सासऱ्यांचं दुखणं माझ्याही फाइलमध्ये वेगळ्या रंगाने उठून दिसतं, आणि त्या दिवसांना पगाराची तारीख काडीचाही फरक करत नाही.

दोन-तीन तक्रारी भराभर. सलग नोंदींची ‘साखळी’ तुटली की ॲप रुसतं, राखाडी होतं. आधीच खचलेल्या माणसाला आणखी एका कामात नापास करायची ही कल्पना कुणाची? दुसरं, पॅकिंगमधला एक सहकारी कायम रात्रपाळीला असतो. त्याचा डोळा लागतो तेव्हाच सातची सूचना वाजते, आणि ‘रात्री दहाला झोपा’ हा सल्ला वाचून तो म्हणाला, “मग माझं काम ॲप करणार का?” सूचनेची वेळ बदलता येते, पण रात्रपाळीसाठी वेगळी योजना नाही. तिसरं, त्याच्या घरी फोन एक आणि माणसं चार. मनातलं लिहायचं कुठे? ॲपला आकड्यांचं कुलूप घालायची सोय नाही.

गोपनीयतेबद्दल सगळे विचारतात. कंपनीला एकेकट्याच्या नोंदी दिसत नाहीत, दहा किंवा जास्त माणसांच्या गटाची सरासरी दिसते. कंपनीच्या बैठकीत तो तक्ता पडद्यावर आला तेव्हा आमची चौथ्या महिन्यातली सरासरी २.१ होती. पगार किती दिवस उशिरा झाले ती ओळ त्या तक्त्यात नव्हती. ती माझ्याकडे होती, पण मला कुणी विचारलं नाही.

तारे द्यायचे तर समुपदेशकांना पाच, नवव्या प्रश्नाच्या फोनला पाच, चेहऱ्यांना तीन, योजनेला एक. साखळीला शून्य द्यायची सोय नाही, म्हणून देत नाही.

तुमच्या ऑफिसने असलं काही दिलं असेल तर आधी बैठका वापरा. आमच्याकडे न वापरलेल्या बैठका वर्षअखेरीला रद्द होतात. माझ्या दोन उरल्यात, पुढची गुरुवारी आहे. साखळीच्या सूचना बंद करायला ‘सेटिंग’मध्ये जाऊन ‘प्रोत्साहन’ बंद करायचं, तिथे ‘साखळी’ हा शब्द शोधू नका, मिळणार नाही. आणि स्वतःच्या नोंदी उतरवून घ्यायच्या तर वरच्या तीन रेघा, ‘माझं खातं’, ‘गोपनीयता’, मग अगदी तळाशी फिकट अक्षरांत ‘प्रत मागवा’. फाइल इमेलवर यायला दोन दिवस लागतात. तारखा त्यात उलट्या क्रमाने येतात, आधी त्या सरळ करून घ्या.